आर्डिसच्या गाडीतलं गुलाबी पाणी

१

हॅल्व्हर गावची माणसं उणे तीस अंशांतली थंडी सोसतील, पण उभ्या गाडीचा पूर्ण हप्ता भरायचा म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायला लागतं. ऑक्टोबर लागला की माझा फोन सुरू. "ट्रूडी, मोटरहोम शेडमध्ये लावलं गं. तेवढा विमा कमी कर." मी कमी करते. अपघाताचा आणि दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग काढून टाकते. आग, चोरी, वादळ आणि उंदीर एवढंच ठेवते. हप्ता निम्म्याच्याही खाली येतो. अट एकच. एप्रिलपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, आणि हलवायचीच असेल तर आधी मला सांगायचं. मी नोंद बदलली की विमा पुन्हा पूर्ण.

तीस वर्षं हे घसा कोरडा करून सांगतेय. ऑफिसच्या भिंतीवर विमा कंपनीने दिलेली पितळी पाटी आहे: ट्रूडी हॉव्हलंड, तीस वर्षं, एकही चूक नाही. त्या पाटीचा मला अभिमान होता, हे आत्ताच सांगून टाकते.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी ऑर्वल क्विस्टची शेड उघडते. पूर्वी तिथे टर्की कोंबड्या पाळायचे, आता हिवाळाभर अकरा मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, एकाला एक खेटून उभी असतात. दाराशी आर्डिस ब्रेव्हिकची, कारण सगळ्यांत आधी तीच निघते. ऑर्वलने दार सरकवलं, उजेड आत गेला, आणि आम्ही पाच-सहा जण नुसते बघत राहिलो. आर्डिसच्या गाडीचा पुढचा उजवा कोपरा आत दाबला गेला होता. दिवा वायरीला लोंबकळत होता.

"हं," आर्डिस म्हणाली. "हे जरा वेगळंच झालं."

आमच्याकडे याहून मोठा आक्रोश कोणी करत नाही. पण तिचं काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं. मायलो, तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली. सत्तराव्या वर्षी तिने घर विकलं होतं, एक मे रोजी नव्या लोकांच्या हातात किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि त्यानंतर तिचं घर म्हणजे ही गाडी. दुरुस्तीला बारा हजार डॉलर तरी लागले असते. तेवढे तिच्याकडे नव्हते; घराचे येणार ते कर्जातच जाणार होते.

"घाबरू नकोस, विमा बघू या," मी म्हणाले. "ऑक्टोबरात केलाय तोच उभ्या गाडीचा विमा चालू आहे. मधे काहीही बदललेलं नाही, आज सकाळीच बघून आलेय."

आर्डिसने गाडीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हो का," ती म्हणाली. "तसाच आहे का."

मी लक्ष दिलं नाही. मी गुडघे टेकून चाकाच्या वर बोट फिरवत होते. बोट पांढरं झालं. जिभेला लावलं तर खारट. रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात ते डिसेंबरपासून. ही गाडी ऑक्टोबरात शेडमध्ये आली होती.

म्हणजे भर हिवाळ्यात कोणीतरी ती रस्त्यावर नेली होती.

२

दाबलेल्या पत्र्यावर पिवळ्या रंगाचा ओरखडा होता. शेडमध्ये पिवळं असं काही नाही. गाडी बाहेर कुठेतरी ठोकली, परत आणली आणि साळसूदपणे जागेवर लावली.

आत सगळं लख्ख होतं. पलंगावर चादर ताणलेली, कप जागच्या जागी, फ्रिजच्या दारात वास येऊ नये म्हणून घडी करून लावलेला टॉवेल. मी सिंकखालची झडप उघडून बघितली. नळीतून गुलाबी पाणी ठिबकलं.

हे गुलाबी पाणी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हिवाळ्यात नळ्यांत साधं पाणी राहिलं तर गोठून नळ्या फुटतात, म्हणून पाणी काढून हे औषध भरतात. सगळे भरतात. एक ब्रेव्हिक मंडळी सोडून. मायलोला त्याची चव वसंतभर चहात लागायची, म्हणून तो हवेच्या दाबाने नळ्या कोरड्या करायचा, आणि आर्डिस अजून तसंच करते. मला हे माहीत, कारण दर ऑक्टोबरला ती हवेचं यंत्र माझ्याच गॅरेजमधून नेते. गेल्या ऑक्टोबरातही नेलं होतं, परत करताना सोबत लिंबाच्या वड्यांचा डबा.

"आर्डिस, हे तू भरलंस?"

"भरलं असेन बाई," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

तर असा हा चोर. गाडी नेली, आत राहिला, पाणी वापरलं, आणि जाताना नळ्या फुटू नयेत म्हणून स्वतःच्या पदरचं औषध भरून गेला. तीस वर्षांत गाड्यांचे चोर बरेच पाहिले. अंथरूण घालून जाणारा पहिलाच.

सोमवारी कंपनीच्या चौकशी विभागातल्या प्रुइटचा फोन आला. हा मिनियापोलिसला बसतो आणि माणसाशी फॉर्म भरल्यासारखा बोलतो.

"मिसेस हॉव्हलंड, फोटो पाहिले. मीठ पाहिलं. गाडी मालकाच्या संमतीने बाहेर गेली असेल तर आमच्याकडून काही नाही. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार हवी. गुरुवारपर्यंत."

"चोर कोण ते माहीत नसेल तर?"

"अज्ञात चालेल. सही मात्र मालकाची हवी."

मला हायसं वाटलं. अज्ञात चोर, एक सही, आणि आर्डिसचं घर वाचलं. मी कागद घेऊन तशीच तिच्याकडे गेले. खोकी बांधून झाली होती, स्वयंपाकघरात दोनच कप उरले होते. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला.

"नको गं. उगाच पोलिसांना कशाला त्रास."

"त्रास? त्यांना त्याचा पगार मिळतो. आर्डिस, एक तारखेला तू राहणार कुठे?"

"होईल काहीतरी. कॉफी घेतेस?"

"मला कॉफी नकोय, सही हवीय."

"तसं लिहिता येणार नाही," ती कपाकडे बघत म्हणाली. "चोर नव्हता ना तो."

"तुला कसं माहीत?"

तिने माझ्या कपात पातळ कॉफी ओतली आणि यंदा बर्फ लवकर वितळलं असा विषय काढला.

३

मी हात टेकले असते, पण गुरुवार तोंडावर होता. ती सांगत नसेल तर मी शोधून काढेन, असं ठरवून निघाले.

गाडीची किल्ली हॅल्व्हरमध्ये कुठे असते हे विचारूच नका. सगळ्यांच्या किल्ल्या गाडीतच, सिगारेटच्या राखेच्या खणात, कारण आग लागली तर ऑर्वलला गाड्या भराभर काढता याव्यात. शेडच्या दाराची किल्ली दाराशेजारी, उलट्या बादलीखाली. हे गावाला ठाऊक. हे मी कंपनीला कधीही कळवलेलं नाही.

पहिला नंबर डॅरिनचा, मायलोच्या पुतण्याचा. जानेवारीत हा मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर आठ-आठ दिवस पडून असतो.

"काकूची गाडी? मी?" तो गॅरेजमध्ये बुटांसकट सोफ्यावर पसरला होता. आजूबाजूला बिअरचे डबे, पिझ्झाची खोकी, आणि एका ताटलीत काहीतरी हिरवं झालेलं. "मी नेली असती तर सांगितलं असतं. बढाई मारली असती."

माझा विश्वास बसला. या माणसाने आयुष्यात कप विसळला नव्हता, तो नळ्यांत औषध कुठून भरणार.

दुसरे पास्टर कार्स्टन. चर्चची मासेमारीची स्पर्धा जानेवारीच्या शेवटी तळ्यावरच होते, आणि यंदा हात शेकायला मोठी गाडी हवी म्हणून ते गावभर विचारत फिरले होते.

"आर्डिसला विचारलं होतं," ते म्हणाले. "ती म्हणाली, बघू. म्हणजे नाही. मग शाळेची बस घेतली."

"खरं सांगताय ना?"

"ट्रूडी, मी पास्टर आहे."

"म्हणून तर विचारतेय."

त्यांना राग आला नाही, तेवढाच माझा अपेक्षाभंग. पण ते खरं बोलत होते हे मला परतताना कळलं. तळ्याकडच्या कच्च्या रस्त्यावर वाळू टाकतात, मीठ नाही. पत्र्यावर तसा ओरखडा उठवेल असा पिवळा खांबही त्या बाजूला एक नाही. पिवळे खांब हमरस्त्यावर असतात, पेट्रोल पंपांवर. म्हणजे गाडी लांब गेली होती, तळ्यावर नव्हे.

उरला ऑर्वल. तो झाडलेली शेड पुन्हा झाडत होता.

"ऑर्वल, डिसेंबरनंतर इथे कोण येऊन गेलं?"

"मला काय माहीत. जानेवारीत मी नऊ दिवस नव्हतोच. लवोनला दुलुथच्या इस्पितळात नेलं होतं, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आता ती घरी होती, डोक्याला रुमाल बांधून व्हरांड्यात उन्हात बसलेली दिसायची. मीही एकदा बटाटे-खिमा भाजून नेऊन दिलं होतं.

"दुलुथला राहिलास कुठे नऊ दिवस?"

झाडू थांबला.

"होती सोय."

"कुणाकडे?"

"सोय होती, ट्रूडी," तो म्हणाला, आणि झाडलेलाच कोपरा परत झाडायला वळला.

ऑर्वल चोर असेल, तर आर्डिसचं घर आणि लवोनचा नवरा यांतलं एकच वाचणार होतं.

४

बुधवारी सकाळी मी आर्डिसकडे पुन्हा गेले. ऑर्वलचं नाव तिच्या तोंडून यावं, एवढीच इच्छा. ती तळघरात होती, शेवटची खोकी वर आणत होती.

"ती बॅटरी तेवढी उचलशील का? म्हणजे, तुझी पाठ दुखत नसेल तर. नाहीतर राहू दे."

खिडकीखाली लाकडी फळीवर गाडीची बॅटरी होती. आगीचं कारण सांगून ऑर्वल कुरकुरतो, तरी दर ऑक्टोबरला आर्डिस ती काढून घरी आणते, थंडीत मरू नये म्हणून. वर चिकटपट्टीवर मायलोच्या काळापासूनच्या तारखा. शनिवारी शेडमध्ये ती हातगाडीवर घालून आणली होती आणि गाडीची दशा बघून तशीच परत नेली होती.

मी वाकले आणि वाकलेलीच राहिले.

किल्ली सगळ्यांच्या हाताशी होती. शेडही सगळ्यांच्या हाताशी होती. पण बॅटरी काढलेली गाडी सुरू कशी झाली? चोराने आपली बॅटरी आणली असेल, असं म्हणता येईल. म्हणून मी ही नीट बघितली. आर्डिस ती ऑक्टोबरात सोडा लावून घासते, मग फळीवर ठेवते. आता तिच्या एका बाजूला पांढरी भुकटी चढली होती. मी बोट लावलं आणि परत जिभेवर टेकवलं. चाकाच्या वर होतं तेच मीठ.

हीच बॅटरी हिवाळ्यात रस्त्यावर गेली होती, आणि परत या फळीवर आली होती. आर्डिसच्या तळघरात, आर्डिसच्या हातून.

"तूच दिलीस गाडी," मी म्हणाले.

ती पायरीवर बसली. मांडीवरचं खोकं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"लवोनला भेटायला तो रोज दोनशे मैल येणार-जाणार होता," ती हळूच म्हणाली. "बर्फात. त्या जुन्या ट्रकमधून. हॉटेलं महाग. मी म्हटलं, इस्पितळाच्या आवारात उभी कर, आत झोप. गाडी काय, उभीच तर होती."

"आणि ठोकलीन कुठे?"

"मला शनिवारीच कळलं, तुझ्यासोबत. येताना पंपावर बर्फावरून घसरली असणार. बिचारा तेव्हापासून झोपला नसेल. मला सांगायची लाज वाटली असेल, आणि मग तू म्हणालीस विमा तसाच आहे, तेव्हा त्याला वाटलं असेल, आपण बोललो तर आर्डिसचंच नुकसान. म्हणून दोघं गप्प."

माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. "आर्डिस, तीस वर्षं मी एकच गोष्ट सांगतेय. गाडी हलवायच्या आधी मला फोन करा. एक फोन. तेवढा जरी केला असतास, तर आज तुझं घर शाबूत असतं. तुम्हा लोकांना तोंड उघडायला काय होतं?"

आर्डिसचे कान लाल झाले नाहीत. ती माझ्याकडे शनिवारी बघत होती तशीच बघत होती, आणि या वेळी ती नजर मला ओळखता आली. तिला माझी कीव येत होती.

५

मी ऑफिसात आले ती कोटही न काढता. जानेवारीची वही काढली. पानं उलटताना मला वाटत होतं, नसेल. असं काही नसेल.

अकरा जानेवारी. त्या आठवड्यात बर्फाच्या भाराने अर्ध्या तालुक्याची छपरं खचली होती आणि माझे नाकी नऊ आले होते. माझ्याच अक्षरात एक ओळ होती: "आर्डिस. कागद बघणे. घाई नाही."

मग सगळा फोन आठवला. "ट्रूडी, तू कामात असशील. लवोनचं ऑपरेशन आहे ना, ऑर्वल दुलुथला चाललाय, नऊ दिवस. त्याला थंडीत कुठे राहायचं हा प्रश्नच होता. तर माझ्या गाडीचे कागद तेवढे बघशील का कधी? म्हणजे तुला वेळ झाला तर. अजिबात घाई नाही, आणि नाही जमलं तरी चालेल." मी म्हणाले, हो हो, बघते. फोन ठेवला. दुसऱ्या छपराचा फोन घेतला.

मी इथेच जन्मले. इथे आग लागलेला माणूसही आधी विचारतो, तुम्ही कामात तर नाही ना. "घाई नाही" याचा अर्थ आत्ता, आणि "नाही जमलं तरी चालेल" याचा अर्थ माझा जीव यात अडकलाय, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. बाहेरच्या एजंटाने चुकावं, मी चुकायला नको होतं. तिने सांगितलं होतं. तिच्या मते तर ती ओरडली होती.

आणि शनिवारी शेडमध्ये, सगळ्यांसमोर, "मधे काहीही बदललेलं नाही" असं मी छाती काढून सांगितलं, तेव्हा तिला सगळं कळलं होतं. तिने फक्त "हो का" म्हटलं. ऑर्वलला तुरुंगात धाडण्यापेक्षा आणि माझी चूक मला दाखवण्यापेक्षा तिला घर गमावणं बरं वाटलं. मला इतका संताप आला की टेबलावर डोकं टेकून मी रडले.

मग तिला फोन केला.

"दुसऱ्यांदा फोन का नाही केलास?"

पलीकडे तिने हातातलं खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू कामात होतीस," आर्डिस म्हणाली.

वही मिटून ड्रॉवरमध्ये टाकली असती तर ती ओळ कोणी विचारणार नव्हतं. पाटी भिंतीवर राहिली असती. मी प्रुइटला फोन लावला.

"चोरी नाही," मी सांगितलं. "गाडी मालकिणीने दिली होती. आणि तिने मला आधी कळवलं होतं. अकरा जानेवारीला. वहीत नोंद आहे."

"मग विमा पूर्ण का झाला नाही?"

"मी केला नाही म्हणून."

कीबोर्डची टकटक थांबली. "मिसेस हॉव्हलंड, हे मी तुमची चूक म्हणून लिहू?"

"हो. माझी चूक म्हणून लिहा."

एजंटांच्या चुकांसाठी एक वेगळा विमा असतो. तीस वर्षं भरला होता, पहिल्यांदा वापरला, आणि त्यातून आर्डिसच्या दुरुस्तीचे पैसे आले. पहिल्या काही हजारांचा भार माझ्यावरच पडला, तो पडायलाच हवा होता. पाटी मी स्वतःच उतरवली. भिंतीवर तिचा चौकोन राहिला, तो अजून आहे.

६

गाडी फार्गोच्या गॅरेजमध्ये गेली. दुरुस्तीला एक मेपासून नऊ दिवस वर लागणार होते, म्हणून आर्डिस माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. ऑर्वलने रोज येऊन माझ्या जिन्याची, कुंपणाची, आणि शेवटी न मोडलेल्या दाराचीही दुरुस्ती केली. तो माफी मागायला तोंड उघडायचा आणि आर्डिस त्याला लिंबाची वडी द्यायची.

नऊ दिवसांत तिने काहीही मागितलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की तिच्या खोलीतला हीटर बंद आहे आणि ती कोट घालून झोपते. मी बोलायचं तेवढं बोलले. ती म्हणाली, कोट चांगला उबदार आहे.

दहाव्या दिवशी सकाळी गाडी आली. कोपरा नवा कोरा, दिवा जागेवर. आर्डिसने बॅटरी स्वतः बसवली, टाकी भरली, आणि मग निघायचं सोडून माझ्या ऑफिसात आली. मी फोनवर होते. मी खुणेने बस म्हटलं तरी ती बसली नाही. पर्स दोन्ही हातांत घट्ट धरून टेबलासमोर उभी राहिली, आणि तिचे कान लाल होते.

"ट्रूडी, तो फोन ठेव."

मी ठेवला.

"माझ्या गाडीचा विमा आजपासून पूर्ण करायचा आहे. आत्ताच्या आत्ता कर. झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

हॅल्व्हरमध्ये माझ्याशी इतकं सरळ कोणी कधी बोललं नव्हतं. मी नोंद बदलली, कागद छापून तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि ती गेल्यावर मी उघड्या दारातून गाडी वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. फोन वाजत होता. मी तो तसाच वाजू दिला.